ग्रंथालयातले पुस्तक शोधावे, पारखावे आणि मुदतीत वाचावे कसे

ग्रंथालयात शिरल्यावर नव्या पुस्तकांचे कपाट आधी दिसते आणि बरेच वाचक तिथूनच काहीतरी उचलून परततात. खरा ऐवज आतल्या कपाटांत असतो. तो हाती लागायला पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला बोधांक, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारे आकडे आणि अक्षरे, वाचता आला पाहिजे.

अनेक सार्वजनिक ग्रंथालये मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धत वापरतात. ००० ते ९९९ या आकड्यांत सगळे विषय बसवलेले असतात: ५२० खगोलशास्त्र, ५९८ पक्षी, ७९६ मैदानी खेळ. गफलत होते ती दशांशचिन्हानंतर. ७९६.५२२ (गिर्यारोहण) हे पुस्तक ७९६.८ (कुस्ती, कराटे) च्या आधी लागते, कारण ५२२ आणि ८ यांची तुलना न करता ५ आणि ८ यांची करायची असते. पुस्तक ‘जागेवर नाही’ अशा तक्रारींपैकी काही एवढ्यानेच मिटतात. आकड्याखालची अक्षरे बहुधा लेखकाच्या आडनावाची असतात. कथा-कादंबऱ्या अनेक ठिकाणी वेगळ्या काढून थेट आडनावानुसार लावतात.

दुसरी अडचण अशी की एकच विषय चार कपाटांत विखुरलेला असतो. झाडांबद्दल वाचायचे असेल तर वनस्पतिशास्त्र ५८० ला, बागकाम ६३५ ला, वनशास्त्र ६३४.९ ला आणि औषधी वनस्पती ६१५ मध्ये. चरित्रांचेही तसेच: ती काही ग्रंथालयांत ९२० ला एकत्र असतात, तर काही ठिकाणी विषयाच्या आकड्याला ०९२ जोडून, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञाचे चरित्र ५३०.०९२ ला. म्हणून संगणकावरच्या तालिकेत (ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या यादीत) नावाऐवजी विषय टाकून शोधा, येणारे सगळे वर्गांक, म्हणजे विषयाचे आकडे, टिपा आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन शेजारची दहा-बारा पुस्तके चाळा. हवे ते पुस्तक बाहेर गेलेले असले तरी त्याचे शेजारी तिथेच असतात, आणि कधीकधी तेच जास्त उपयोगी पडतात.

पुस्तक हातात आले की पाच मिनिटे उभ्याउभ्या पारख करावी. मलपृष्ठावरचा मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो, त्यावर विसंबू नका. शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहा. तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची वर्षे असतात. पुनर्मुद्रणात सहसा जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असतो, सुधारित आवृत्तीत तो बदललेला असतो. आजार, कायदा, कर आणि संगणक या विषयांत हा फरक निर्णायक ठरतो. ललित साहित्यात त्याची फारशी चिंता नको. अनुवाद असेल तर तो कशावरून केला आहे आणि संक्षिप्त तर नाही ना, हेही त्याच पानावर किंवा प्रस्तावनेत सापडू शकते. मग कोणती बाब कोणत्या पानावर आहे ते सांगणारी शेवटची सूची उघडून तुम्हाला चांगली माहीत असलेली एखादी बाब काढा आणि ते पान वाचा. तिथे लेखक ढिला वाटला तर बाकीच्या पानांवर भरवसा कशाला ठेवायचा? कादंबरीचे मात्र मधले एक पान वाचून पाहावे. सुरुवात बहुतेक लेखक घासूनपुसून लिहितात.

ग्रंथपालांना विचारायला संकोचू नका. ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरे, आणि ते ग्रंथपालांच्या कामाचा गाभाच आहे. पण ‘एखादे चांगले पुस्तक द्या’ एवढ्यावर कुणालाही मदत करता येत नाही. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल वाचकाच्या आवडीची चार दारे सांगतात: कथानक, पात्रे, स्थळकाळ आणि भाषा. आधी आवडलेल्या एका पुस्तकाचे नाव सांगा आणि त्यात यांपैकी कशाने धरून ठेवले ते सांगा. कथानकासाठी वाचणाऱ्याच्या हाती भाषेसाठी लिहिलेली संथ कादंबरी पडली तर दोघेही फसतात. काय नको आहे, तेही सांगा.

लहान मुलासाठी पुस्तक घेताना मधले एक पान त्याला वाचायला द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजा. पाच बोटे झाली तर ते पुस्तक त्याला एकट्याने जड जाईल. मोठ्याने वाचून दाखवायला मात्र तेच उत्तम.

घरी आणल्यावर मुदतीचा हिशेब पहिल्याच दिवशी करा. त्याच पुस्तकाची २० मिनिटांत किती पाने होतात ते मोजा. ८ पाने झाली आणि पुस्तक २४० पानांचे असेल तर ६०० मिनिटे लागतील. १५ दिवसांच्या मुदतीत रोज ४० मिनिटे. ती निघणार नसतील तर आजच नूतनीकरणाची चौकशी करा, कारण दुसऱ्याने आरक्षण केले असेल तर बहुधा मुदत वाढत नाही. दोन पुस्तके आणली असतील तर आरक्षणाचे आधी वाचावे.

पुस्तक रेंगाळले तर सोडायचे कधी? पर्ल यांचाच नियम वापरण्याजोगा आहे: ५० पाने वाचून पाहा, वय पन्नाशीपुढे असेल तर १०० मधून वय वजा करा आणि तेवढीच पाने वाचा. न संपवता परत केलेल्या पुस्तकाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, ते दुसऱ्या वाचकाला लवकर मिळते.

टिपणे वहीत घ्या, पृष्ठांकासह. पेन्सिलच्या खुणा खोडतानाही कागद झिजतो, चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचा डिंक पानावर राहतो आणि दुमडलेला कोपरा जुन्या कागदात तुटून पडतो. फाटलेल्या पानाला घरी चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते आणि डाग ठेवते. परत करताना तसे सांगा, दुरुस्ती ग्रंथालय करेल. चाळून झालेले पुस्तकही अंदाजाने कपाटात खोचू नका, टेबलावर ठेवा: चुकीच्या जागी गेलेले पुस्तक तालिकेत दिसते, पण कुणाला सापडत नाही.

परतीच्या आदल्या दिवशी संदर्भसूची चाळून त्यातली दोन-तीन नावे वहीत उतरवून घ्या आणि पानांत राहिलेले कागदाचे कपटे काढून टाका.