निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात पैशांबाबत या चुका टाळा

बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर बुधवारी लोकांची आर्थिक कागदपत्रे पाहायला बसतो. समोर येणारी माणसे बदलतात, चुका मात्र त्याच असतात, आणि त्यांतील बहुतेक निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षातच झालेल्या असतात. आयुष्यात कधी पाहिली नाही एवढी रक्कम तेव्हा एकदम खात्यात दिसते आणि तिचे लवकरात लवकर काहीतरी केले पाहिजे, असे वाटू लागते.

रक्कम जमा झाली त्याच आठवड्यात सही करणे

ही चूक मला सर्वाधिक अस्वस्थ करते. मे २०२४ अखेर ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या एका शिक्षिकाबाईंच्या खात्यात जुलैच्या पहिल्या आठवड्यात ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम जमा झाली आणि चौथ्या दिवशी त्यांच्या बँकेतून फोन आला. “बाई, एफडीपेक्षा जास्त मिळेल, फक्त चार लाख ठेवा,” असे सांगून त्यांच्याकडून अर्जावर सह्या घेतल्या गेल्या. नंतर पडताळणीचा फोन आला, तेव्हा विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे, हेही त्यांना आधीच सांगून ठेवले होते. घरी आलेला जाड लिफाफा त्यांनी न फोडताच कपाटात साड्यांखाली ठेवला आणि तो थेट दिवाळीच्या साफसफाईत बाहेर निघाला. दुसऱ्याच पानावर छापले होते : हप्ता भरण्याची मुदत १० वर्षे. ज्याला त्या ठेव समजत होत्या, ती दरवर्षी चार लाख मागणारी विमा पॉलिसी होती.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ती मुदत ऑगस्टमध्येच संपली होती. आम्ही तक्रारी केल्या, पण सह्या त्यांच्याच होत्या आणि फोनवरचा ‘हो’सुद्धा त्यांचाच होता. पुढचे हप्ते त्यांनी भरले नाहीत आणि भरलेल्या रकमेतला बराच भाग गमावला.

याहून वाईट म्हणजे दुसरी एक मुदतही हातची गेली. पोस्टातील किंवा बँकेतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी साठीनंतरच खाते उघडता येते, परंतु ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडता येते. तेव्हा व्याजदर ८.२ टक्के होता, म्हणजे त्याच चार लाखांवर दर तिमाहीला ८,२०० रुपये त्यांच्या खात्यात आले असते. लिफाफा उघडला तेव्हा तेही तीन महिने उलटून गेले होते.

मी स्वतः निवृत्त झालो तेव्हा सगळी रक्कम ९० दिवसांच्या मुदत ठेवीत टाकली होती. साठीच्या आतल्यांनी ती ४५ दिवसांचीच करावी, म्हणजे वरची मुदत चुकणार नाही. त्या काळात प्रत्येक योजनेचा कागद घरी आणून मी पेन्सिलने तीन गोष्टी शोधायचो : पैसे किती वर्षे भरायचे, परत कधी मिळणार, आणि मध्येच लागले तर किती कापणार. समोरचा माणूस कागद घरी न्यायला नको म्हणाला, तर विषय तिथेच संपवावा. “आजच सही करा” अशी अट घालणारी एकही चांगली योजना माझ्या पाहण्यात नाही.

‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे अर्धेच वाक्य लक्षात ठेवणे

नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर सवलतीमुळे शून्य होतो, हे खरे आहे. तथापि, विवरणपत्र भरण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे उत्पन्न ४ लाखांवर गेले की सुरू होते. शिवाय शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर विशेष दराने लागणाऱ्या कराला ही सवलत मिळत नाही. मुलाच्या लग्नासाठी जुने फंड विकून निर्धास्त बसलेले तिघे जण मागच्या जुलैत माझ्याकडे आले होते.

बँकेने व्याजातून कर कापू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या, १५ एच म्हणून आपण ओळखतो त्या घोषणापत्राचेही असेच होते. चार बँकांत ठेवी असलेला माणूस प्रत्येक ठिकाणी तेवढ्याच बँकेचे व्याज डोळ्यांसमोर ठेवून सही करतो. वास्तविक आपल्या एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे, असे आपण त्यात लिहून देत असतो आणि सर्व बँकांचे व्याज आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात एकत्र दिसत असते. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर एका बँकेत वर्षाला १ लाखापर्यंत टीडीएस, म्हणजे बँकेने व्याजातून आधीच वळता करायचा कर, कापला जात नाही, पण टीडीएस कापला नाही म्हणजे कर लागत नाही, असा अर्थ काढू नये. मी एका वहीत एका पानावर सगळ्या ठेवी, त्यांचे व्याज आणि निवृत्तिवेतन लिहितो, बेरीज करतो आणि मगच सही करतो. यासाठी एखादी दुपार लागते, आणि तेवढा वेळ निवृत्त माणसाकडे असतो.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

नोकरीतील सामूहिक आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी निवृत्तीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी.

सर्व रक्कम एकाच बँकेत ठेवू नये, कारण ठेव विम्याचे संरक्षण मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे.

नॉमिनी लावला की मृत्युपत्राची गरज नाही, असे समजू नये. नॉमिनी मालक ठरत नाही, हे शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात द्यावा. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलेल्यांची निवृत्तिवेतने डिसेंबरमध्ये अडकलेली मी दरवर्षी पाहतो.