ठेव ठेवण्यापूर्वी काय तपासावे?

पुण्यात सहकारी बँका आणि पतसंस्था पेठेपेठेत असल्या, तरी केवळ फलकावरील व्याजदर पाहून ठेव ठेवू नये. ७ टक्के दराने १ लाख रुपयांवर वर्षाअखेर सरळव्याज ७,००० रुपये, तर तिमाही चक्रवाढीने सुमारे ७,१८६ रुपये मिळते. हा फरक किरकोळ आहे. माझ्या मते सुरक्षितता आधी पाहावी. बँकेतील ठेवीला मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. एकाच बँकेच्या सदाशिव पेठ आणि कोथरूड शाखांत एकाच नावाने ठेवलेल्या रकमा या मर्यादेसाठी एकत्रच मोजल्या जातात, म्हणून मोठी रक्कम दोन वेगळ्या बँकांत विभागावी. मुदतीआधी ठेव मोडल्यास व्याज किती कमी होईल, हेही पावती घेण्यापूर्वीच विचारावे.