माझा मूड कुत्र्याला कळतो का? घरीच तपासून बघा

आमच्या गल्लीत घरोघरी सर्वज्ञ कुत्रे आहेत. ‘मी उदास असले की ढब्या पायाशी येऊन बसतो,’ असं मीही सांगते आणि ते खरंच आहे. पण सगळी नोकरी हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो: कशावरून? आवाजावरून, चेहऱ्यावरून, वासावरून, की उदास असले म्हणजे मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि तिथे पंख्याचा वारा चांगला लागतो म्हणून? हे निरनिराळं करून बघता येतं. एक वही, एक मोबाईल आणि न हसता गंभीर राहू शकेल असं घरातलं एक माणूस, एवढं पुरे.

पहिला आठवडाभर नुसती वही. कुत्रा निवांत असताना कसा दिसतो हे आधी माहीत हवं. ढब्या गावठी आहे, शेपूट कायम पाठीवर वळलेली, त्यामुळे शेपटीवरून त्याचं काही कळत नाही, कानांकडे बघावं लागतं. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना नाक चाटणं, अंग कोरडं असताना झाडणं, मान दुसरीकडे आणि डोळ्यांचा पांढरा भाग आपल्याकडे, ही अस्वस्थपणाची चिन्हं. पानावर दोन रकाने करा: मी काय केलं, त्याने काय केलं. ‘त्याला काय वाटलं’ हा तिसरा रकाना आखायचा नाही. लोकांना नेमका तोच आधी भरायचा असतो.

मग आपण स्वतः नकळत काय काय सांगून टाकतो ते शोधायचं. बर्लिनमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. उत्तर आलं की खूर आपटणं थांबवायचा. मालक फॉन ओस्टेन फसवणारा माणूस नव्हता, त्याला खरोखर वाटायचं की घोडा हिशेब करतो. ऑस्कर फुंग्स्टने 1907 मध्ये तपासलं, तेव्हा निघालं असं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित कोसळायचं. बरोबर आकडा आला की माणसाची मान किंचित हलायची आणि ताण सैल पडायचा. घोडा तेवढं बघून थांबायचा. मला यात घोड्याची फजिती दिसत नाही. समोरच्या माणसांनाही न दिसणारी हालचाल त्याला दिसत होती.

तात्पर्य, परीक्षा तुमच्या कुत्र्याची असेल तर परीक्षक तुम्ही होऊ नका. माझी युक्ती अशी: मोबाईल कपाटावर अशा कोनात ठेवा की चौकटीत फक्त कुत्रा येईल, तुम्ही अजिबात नाही. नंतर आवाज बंद करून ते चित्रण शेजारणीला दाखवा आणि विचारा, ‘यात मी रडतेय की गुणगुणतेय?’ तिला नुसत्या कुत्र्याकडे बघून पुन्हा पुन्हा बरोबर सांगता आलं, तर काहीतरी आहे. नाही आलं, तर आपण जे बघत होतो ते आपल्याच मनातलं.

आता रडायची परीक्षा. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये कस्टन्स आणि मेयर यांनी 2012 मध्ये 18 कुत्र्यांवर केली होती, तीच घरी जमते. पाळीपाळीने तीन गोष्टी करायच्या: साधं बोलणं, गुणगुणणं, खोटं रडणं. मध्ये दोन-दोन मिनिटं शांत. गुणगुणणं का, तर तोही विचित्र आवाज आहे. कुत्रा नुसत्या कुतूहलाने येत असेल तर तो गुणगुणण्यालाही यायला हवा. त्या प्रयोगात बहुतेक कुत्रे रडणाऱ्याकडे गेले, गुणगुणणाऱ्याकडे फार कमी. आणि रडणारी बाई परकी असली तरी ते मालकाकडे न पळता तिच्याकडे गेले. म्हणून घरीही दोन माणसं घ्या, एक त्याचं लाडकं आणि एक क्वचित येणारं. आमच्याकडे क्वचित येणारा म्हणजे पुण्याचा जावई. त्याला रडायला सांगितलं तर तो शिंकल्यासारखं करतो, पण चालतं.

पथ्यं थोडीच आहेत. खिशात बिस्कीट नको. नाव घेऊन हाक नको. डोळ्याला डोळा लावू नका. मांडीवर थोपटलंत की तो येणारच, मग ती परीक्षाच राहत नाही. जेवणाच्या वेळेआधी करू नका. गणपतीत आणि दिवाळीत तर नकोच. फटाक्यांनी पलंगाखाली गेलेल्या जीवाला तुमचं रडणं काय ऐकू येणार. आणि रोज रोज रडू नका. एकतर त्याला सवय होते, दुसरं म्हणजे घरचे विचारायला लागतात.

समजा कुत्रा आलाच नाही. इथे घाईने ‘निर्दय आहे मेला’ असं लिहू नका. अमेरिकेत मॅकॅलेस्टर कॉलेजमधल्या लोकांनी 34 कुत्र्यांवरचा प्रयोग 2018 मध्ये छापला. मालक दाराआड, कुणी रडतोय, कुणी गुणगुणतोय, आणि दार ढकललं की उघडेल असं. रडण्याने दार उघडणारे कुत्रे वाढले नाहीत, दोन्हीकडे साधारण निम्म्यांनीच उघडलं. पण रडणं ऐकून ज्यांनी उघडलं, त्यांनी ते कितीतरी लवकर उघडलं. आणि रडणं ऐकूनही जे बसून राहिले, त्यांच्यात ताणाची चिन्हं जास्त होती. म्हणजे कळत होतं, पण घाबरल्यामुळे पाय उचलत नव्हता. तो आठवडाभर भरलेला जांभया-नाक चाटण्याचा रकाना इथे उपयोगी पडतो.

चेहऱ्यावरून केलेला एक निकाल मात्र मी घरात बंदच करून टाकला: ‘बघ, चोरासारखा बसलाय, त्याला माहितेय आपण काय केलंय.’ अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्रे घेऊन हे तपासलं. मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटंच सांगितलं की कुत्र्याने खाऊ पळवला. पडलेले कान, चुकवलेली नजर हे सगळं मालक रागावला की दिसायचं, कुत्र्याने खाल्लेलं असो वा नसो. तेव्हा तुमची चप्पल फाडून ढब्या मान खाली घालून बसला असेल, तर तो तुमचा राग वाचतोय. तासाभरापूर्वीच्या चपलेशी त्याचा संबंध जोडून ओरडण्यात अर्थ नाही. कळतंय ते एवढंच की हे माणूस आत्ता भयंकर आहे.

वासाची परीक्षा घरी करू नका, जमणार नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 2022 मध्ये ती झाली. 36 माणसांना 9000 पासून 17-17 वजा करत मोठ्याने उलटं मोजायला लावलं. (माझे काही विद्यार्थी नुसत्या कल्पनेने घामाघूम झाले असते.) आधीचा आणि नंतरचा घाम व श्वास कापडावर घेतला. ट्रिओ, फिंगल, सूट आणि विनी या चार शिकवलेल्या कुत्र्यांनी ताणाचा नमुना जवळजवळ 94 टक्के वेळा बरोबर ओळखला. पण वासातला फरक ओळखणं निराळं आणि ‘मालकीणबाई काळजीत आहेत’ हे समजणं निराळं, हे तिथल्या कुत्र्यांना कुणी विचारलेलं नाही.

मांजरवाल्यांनो, तुमच्यासाठी रडणं नाही, टेबलफॅन. इटलीत मिलानच्या लोकांनी 2015 मध्ये केलेला प्रयोग: पंख्याला रिबिनी बांधून तो सुरू करायचा, मांजराने न पाहिलेली वस्तू म्हणून. मालकाने एकदा खुशीत, एकदा घाबरून त्याकडे बघायचं. 24 मांजरांपैकी 79 टक्क्यांनी पंखा आणि मालक असं आलटून पालटून पाहिलं, म्हणजे ‘हे बरं आहे का?’ असं विचारलं. आमच्या सखूने विचारलं, मग माझं उत्तर न ऐकता रिबीन तोडली. मांजराशी बोलायचंच असेल तर डोळे अर्धवट मिटून हळू उघडमिट करा. ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात मांजरांनी तशीच उघडमिट परत केली, आणि असं करणाऱ्या परक्या माणसाकडेही ती जास्त सहज गेली.

निकाल काहीही लागो, एका गोष्टीसाठी वही पुढेही ठेवा. स्वीडनच्या लिंकपिंग विद्यापीठाने 2019 मध्ये 58 कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं. दोघांचा ताण महिनोन् महिने बरोबरीने वरखाली होत होता. संशोधकांच्या मते कुत्र्यात तो मालकाकडून येतो, उलट नाही. घरात भांडण चाललं असेल तर कुत्र्याला दुसऱ्या खोलीत जाता येईल असं दार उघडं ठेवा, मध्ये ओढून ‘बघ ना रे, बाबा कसे बोलतात’ असं करू नका. आणि तो अचानक सगळ्यांपासून लांब बसायला लागला, पोळी सोडली, हात लावू देईना झाला, तर तुमच्या मूडवर ढकलू नका. दात, कान, पोट आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.