रिसीव्हरला वेगळा पॉवर अँप्लिफायर जोडताना

होम थिएटरच्या रिसीव्हरला (सिग्नल घेऊन सगळे स्पीकर चालवणाऱ्या उपकरणाला) वेगळा पॉवर अँप्लिफायर (फक्त स्पीकरना शक्ती पुरवणारे उपकरण) लावला की आवाज दुप्पट मोठा होईल, ही अपेक्षा आधीच सोडून द्यावी. ८० वॅटऐवजी १६० वॅट मिळाले तरी फरक पडतो तो ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. खरा फायदा आहे तो ४ ओहमच्या, जास्त करंट ओढणाऱ्या स्पीकरांना. शिवाय रिसीव्हरच्या वॅटचे आकडे बहुधा दोनच चॅनेल (प्रत्येक स्पीकरसाठीची स्वतंत्र वाट) चालवून मोजलेले असतात, त्यामुळे समोरचे डावे-उजवे स्पीकर बाहेरच्या अँप्लिफायरवर घेतले की मधल्या (सेंटर) आणि बाजूच्या-मागच्या (सराउंड) स्पीकरांच्या वाट्याला अधिक शक्ती उरते.

सर्वप्रथम रिसीव्हरच्या मागे समोरच्या चॅनेलांसाठी ‘प्री-आउट’ (आतल्या अँप्लिफायरमधून जाण्याआधीचा सिग्नल बाहेर देणारी सॉकेट) आहेत का, ते पाहावे. सबवूफरचा प्री-आउट बहुतेक रिसीव्हरांवर असतो, तो या कामाचा नाही. प्री-आउट नसतील तर स्पीकरच्या टर्मिनलवरून सिग्नलची पातळी उतरवणारा कन्व्हर्टर लावून सिग्नल घेता येतो. पण तो आधी रिसीव्हरच्याच अँप्लिफायरमधून जात असल्याने हा खटाटोप मला फारसा पटत नाही.

जोडणीपूर्वी दोन्ही उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत. प्री-आउटपासून अँप्लिफायरच्या इनपुटपर्यंत आरसीए केबल टाकावी आणि त्या दोन स्पीकरांच्या वायर रिसीव्हरवरून पूर्णपणे सोडवून अँप्लिफायरवर, अधिक-उणे जपून लावाव्यात. एकच स्पीकर दोन्हीकडे जोडलेला राहिला तर एकाचे आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटला भिडते आणि अँप्लिफायर जळू शकतो. टर्मिनलबाहेर डोकावणारी तांब्याची एखादी तारसुद्धा शॉर्ट करायला पुरेशी असते.

यानंतर माइक लावून रिसीव्हरचे स्वयंचलित कॅलिब्रेशन (सगळ्या स्पीकरांची लेव्हल आपोआप जुळवणे) पुन्हा करणे अत्यावश्यक आहे, कारण नव्या अँप्लिफायरचा गेन (तो सिग्नल किती पट वाढवतो ते प्रमाण) रिसीव्हरच्या गेनइतकाच असेल असे नाही आणि जुन्या सेटिंगवर समोरचे स्पीकर बाकीच्यांवर कुरघोडी करतील किंवा दबून जातील. समोरच्या चॅनेलची लेव्हल खालच्या टोकाला, बऱ्याच रिसीव्हरांत उणे १२ डेसिबलला, जाऊन टेकली तर अँप्लिफायरचा गेन कमी करून कॅलिब्रेशन पुन्हा करावे.

स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येऊ लागला तर बहुधा ग्राउंड लूप (अर्थिंग आणि केबलांच्या वाटांनी उपकरणांमध्ये बनलेले वर्तुळ, ज्यातून नको तो करंट वाहतो) झालेला असतो. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत आणि केबल टीव्हीची किंवा अँटेनाची वायर तात्पुरती काढून पाहावी. ती काढताच गुणगुण थांबली तर दोष त्या वाटेने येत आहे, आणि तिथे आयसोलेटर (विजेचा थेट संबंध तोडून सिग्नल तेवढा पुढे नेणारे छोटे उपकरण) लावता येतो. अर्थिंगची पिन काढून आवाज घालवण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून कधीही करू नये.

दोन्हीकडे १२ व्होल्ट ट्रिगरची सोय असेल तर तिची छोटी वायर जोडावी, म्हणजे रिसीव्हरबरोबर अँप्लिफायर आपोआप चालू-बंद होतो. ती नसेल तर आधी रिसीव्हर आणि मग अँप्लिफायर चालू करावा. बंद करताना मात्र आधी अँप्लिफायर, नाहीतर रिसीव्हर बंद होतानाचा ‘ठप्प’ आवाज थेट स्पीकरवर आदळतो.