सी ड्राइव्हची जागा नेमकी खाल्ली कुणी?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात सांगलीतल्या फ्लेक्सच्या दुकानात ड्राइव्हची पट्टी लाल झाली की जो तो एकच सांगतो, 'टेम्प (तात्पुरत्या फाइली) उडव, एखादा क्लीनर टाक.' दोन-तीन जीबी सुटतात आणि संध्याकाळी पट्टी पुन्हा लाल. आधी मोजा, मग काढा.

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज उघडून ढोबळ अंदाज घ्या. रिसायकल बिन रिकामं करा. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ दिसते, तो फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. तिथं वेळ घालवू नका.

खरी अडचण येते बेरीज जुळत नाही तेव्हा. मी सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितल्या, बेरीज आली १४० जीबीच्या आसपास. ड्राइव्ह मात्र २२५ भरल्याचं सांगत होतं. व्हायरस असणार असं धरून मी विंडोज नव्यानं टाकायला बसलो होतो. तुम्ही ती घाई अजिबात करू नका. ज्या फोल्डरात शिरायची परवानगी नाही, त्यातलं काहीच एक्सप्लोरर बेरजेत धरत नाही. लपवलेल्या सिस्टीम फाइली तर सिलेक्टच होत नाहीत.

म्हणून विझट्री घ्या, म्हणजे कुठल्या फोल्डरनं किती जागा घेतली ते दाखवणारा प्रोग्रॅम. घरच्या वापराला ते फुकट आहे, दुकानासाठी परवाना लागतो. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हेच निवडा. तसं केलं तरच ते एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल मांडणी) ड्राइव्हची नोंदवही, म्हणजे मास्टर फाइल टेबल, थेट वाचतं आणि काही सेकंदांत खरं चित्र समोर येतं. हा अधिकार न देता चालवाल तर पुन्हा तीच अर्धवट बेरीज हाती येईल.

माझी जागा निघाली 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'मध्ये. जुने रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या नोंदी, साठले होते, कारण त्यांची मर्यादा कुणीतरी भरमसाट वाढवून ठेवली होती. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी निवडा, कॉन्फिगर दाबा आणि 'मॅक्स यूसेज' ५ टक्क्यांवर आणा. जुने पॉइंट आपोआप जातात. प्रोटेक्शन, म्हणजे रिस्टोअर पॉइंटची ही सोय, पूर्ण बंद करायचा सल्ला ऐकू नका. एखादा ड्रायव्हर बिघडला की तोच आधार असतो.

विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा 'विनएसएक्सएस' फोल्डर मोठा दिसला तरी हातानं त्यातली एकही फाइल काढायची नाही. एकच फाइल तिथं आणि सिस्टीममध्ये दुसरीकडेही दिसते, म्हणून आकडा फुगतो. आत हात घातलात तर अपडेट बंद पडतील.

आता धंद्याच्या फाइली. फोटोशॉप मध्येच बंद पडलं की 'फोटोशॉप टेम्प' नावाच्या मोठाल्या फाइली मागे राहतात. फोटोशॉप बंद असताना त्या बिनधास्त काढा. कोरलड्रॉ प्रत्येक डिझाइनशेजारी 'बॅकअप ऑफ' नावाची जोडफाइल ठेवतो. ती मात्र मूळ फाइल उघडून बघितल्यावरच काढा. मंडळवाले पुढच्या वर्षी तेच डिझाइन मागायला येतात आणि मूळ फाइल उघडली नाही तर हाताशी तेवढंच उरतं.