छर्रा फिरवणारं घड्याळ

माझी आजी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. तिला आता बारीक काटे दिसत नाहीत, म्हणून मी तिच्यासाठी हे घड्याळ केलं. वरच्या झाकणावर पोलादी छर्रा आपोआप सरकतो, खाली लपलेल्या काट्यावरचा चुंबक त्याला ओढत नेतो. काटा दिसतच नाही.

साधं क्वार्ट्झ मशीन घ्या, त्यातला तासकाटाच ठेवा, बाकीचे काढा. तासकाट्यावर आइस्क्रीमची काडी चिकटवा आणि तिच्या टोकाला निओडिमियमचा छोटा चुंबक लावा. मशीनपासून तो पाच-सहा सेंटीमीटर लांब हवा, कारण आतली मोटरही चुंबकावरच चालते. मधली दांडी थोडी वर येते, म्हणून चुंबक तिच्यापेक्षा किंचित उंच बसवा. झाकण आणि चुंबक यांत जेमतेम एक मिलिमीटर जागा ठेवा. चिकटले की घड्याळ थांबलंच.

झाकणाला 2 मिलिमीटरचं अॅक्रिलिक घ्या. पत्रा नको, लोखंड चुंबकाला ओढून धरतं. मी हौसेनं वर सोलापुरी चादरीचा तुकडा पसरला होता, पण जाड विणीत छर्रा अडकला. मग पातळ सुती कापड ताणून लावलं, त्यावर मोठे आकडे रंगवले.

छर्रा सायकलच्या मागच्या चाकातला, पाव इंची. सायकलवाल्याकडे मिळतो. घड्याळ आडवंच ठेवा. छर्रा तासाला 30 अंश सरकतो. चार आणि पाचच्या बरोबर मध्ये असला की साडेचार. आजीला तेवढं पुरतं.

चुंबक मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका. दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून जिवावर बेततं.