नवी स्पोर्ट्स कार : बॉनेट उघडण्याआधी इंजिन-गिअरबॉक्स कसा ओळखायचा

नव्या स्पोर्ट्स कारचा टीझर आला की सगळे आधी आवाजावर तुटून पडतात. माझं सांगणं उलटं आहे, आवाज शेवटी ऐका. आधी कंपनीचं गोडाऊन बघा, मग गाडीचा सांगाडा, मग सरकारी कागद. आणि इंजिनावर भांडायच्या आधी गिअरबॉक्सवर बोला.

मी कारंजा लाडजवळ ट्रॅक्टर-पिकअपचं गॅरेज चालवतो. सुगीत थ्रेशरही येतात. स्पोर्ट्स कार काही आमच्या दारात येत नाही, पण संध्याकाळी पानठेल्यावरची पोरं मोबाइल माझ्या कानाला लावतात. "मामा, ऐका बरं, हा तं व्ही-टेनच हाय ना?" व्ही-टेन म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन रांगांत बसवलेले दहा सिलिंडर. त्या पोरांसाठीच हे लिहितो आहे.

गिअरबॉक्स आधी का? इंजिन कंपनी बहुतेक वेळा स्वतः बनवते, गिअरबॉक्स पुष्कळदा बाहेरून येतो. जर्मनीची झेडएफ, जपानची आयसिन, मेक्सिकोची ट्रेमेक अशी मोजकीच दुकानं आहेत. त्यांच्याकडे जे तयार आहे, त्यातूनच निवड होते. झेडएफच्या आठ-स्पीड ऑटोमॅटिकच्या नावातच त्याची ताकद असते. ८एचपी५० म्हणजे साधारण ५०० न्यूटन मीटर (इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, मोजायचं माप) झेपणारा, ८एचपी७० म्हणजे ७०० च्या आसपास. आता कोणी म्हणालं की ६५० न्यूटन मीटरचं इंजिन येतंय आणि गिअरबॉक्स तोच ५० वाला, तर त्याला पाणी पाजा आणि घरी पाठवा. मॅन्युअलचंही, म्हणजे हातानं गिअर टाकायच्या गिअरबॉक्सचंही, तसंच आहे. २०१९ मध्ये शेव्हरोलेची कॉर्वेट सी८ आली, इंजिन सीटच्या मागे गेलं आणि सोबत ट्रेमेकचा आठ-स्पीड ड्युअल क्लच (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) आला. आधीच्या सी७ मध्ये सात गिअरचा मॅन्युअल होता. सी८ मध्ये मॅन्युअल मिळालाच नाही, शौकिनांनी कितीही आरडाओरडा केला तरी.

गोडाऊन बघायचं म्हणजे काय, ते टोयोटाच्या सुप्रावरून कळतं. जुनी सुप्रा २००२ मध्ये बंद झाली. नवी येणार म्हटल्यावर अर्धं जग जुन्या सुप्रातल्या २जेझेड इंजिनाचा जप करत बसलं. पण टोयोटाकडे तेव्हा पेट्रोलचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिनच उरलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बीएमडब्ल्यूसोबतचा करार मात्र काही वर्षांपासून सगळ्यांना माहीत होता. २०१९ मध्ये गाडी आली ती बीएमडब्ल्यूचं २९९८ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं बी५८ इंजिन आणि झेडएफचा आठ-स्पीड घेऊन. सहा-स्पीड मॅन्युअल जाहीर झाला तो २०२२ मध्ये. म्हणून पहिलं काम हे : त्या कंपनीच्या आणि तिच्या भागीदाराच्या आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांची इंजिनं वहीत लिहून काढा. उत्तर बहुतेक वेळा त्या पानावरच असतं.

आता सांगाडा. बरोबर बाजूने काढलेला फोटो घ्या, तिरपा चालणार नाही. टायर हीच फूटपट्टी. २५५/३५ आर१९ असं वाचता आलं, तर १९ इंच म्हणजे ४८३ मिमी, त्यात वरखाली रबराची भिंत ८९-८९, एकूण उंची ६६१ मिमी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत किती टायर बसतात ते मोजा. पावणेचार बसले तर अंतर सुमारे २४८० मिमी. सुप्राचं २४७० आहे, म्हणजे हिशेब जमला. मग पुढचं चाक आणि दाराची कड यांच्यामधली जागा बघा. ती लांब असेल तर इंजिन गाडीच्या लांबीला बसवलेलं, मागच्या चाकांना ताकद आणि सहा सिलिंडर सरळ रांगेत बसायला वाव. नाक आखूड आणि दारामागे हवेची तोंडं असतील तर इंजिन मागे. सायलेन्सरच्या नळ्या मोजत बसू नका, निम्म्या नळ्या शोभेच्या असतात. युरोपात चाचणीच्या गाडीवर पिवळं स्टिकर असलं तर आत हायब्रिडची किंवा इलेक्ट्रिकची बॅटरी आहे. अपघात झाल्यास सोडवणाऱ्यांना कळावं म्हणून ते लावतात.

समृद्धी महामार्गावर काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेली चाचणीची गाडी दिसली तर मागे लागू नका. फोटो शेजारी बसलेल्यानं काढावा, चालवणाऱ्यानं रस्त्यावर बघावं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेची ईपीए, म्हणजे तिथलं पर्यावरण खातं, मायलेजची यादी काढते, त्यात सिलिंडर, लीटर आणि गिअरबॉक्स लिहिलेला असतो. आपल्याकडे कर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी ४ मीटरपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. त्यामुळे भारतीय कंपनीनं छोटी स्पोर्ट्स कार काढली तर १.२ लीटरच्या टर्बो इंजिनावर पैज लावायला हरकत नाही. टाटानं २०१७ मध्ये जिनिव्हात रेसमो दाखवली तिच्यात १.२ टर्बोच होतं, १९० पीएसचं (म्हणजे अश्वशक्तीचं), सोबत सहा-स्पीड एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रानं हलवणारा मॅन्युअल). विक्रीला आली नाही ती गोष्ट वेगळी.

आणि आता आवाज. मोबाइलमध्ये आवाजाची वारंवारता दाखवणारं फुकटचं ॲप टाका. हिशेब सोपा आहे : आरपीएमला ६० ने भागा, सिलिंडरच्या निम्म्यानं गुणा. जो आकडा येईल त्या हर्ट्झवर सगळ्यात उंच रेघ दिसायला हवी. आधी घरच्या ट्रॅक्टरवर हात बसवा. तीन सिलिंडर, २००० आरपीएम, म्हणजे ५० हर्ट्झ. शेजारी वेल्डिंग मशीन चालू ठेवू नका, तिची गुणगुण १०० हर्ट्झची असते. ट्रॅक्टरची ५० च्या दुपटीलाही एक रेघ असते, तिच्यावर ती नेमकी चढून बसते. लाइन गेलेली वेळ या कामाला उत्तम, आणि ती आपल्याकडे रोज असते.

मग टीझर लावा. ३०० हर्ट्झची रेघ दिसली म्हणून लगेच सहा सिलिंडर म्हणू नका. ती ६००० वरचं सहा सिलिंडर असू शकते, ४५०० वरचं व्ही-८ असू शकते, ९००० वर किंचाळणारं चार सिलिंडरही असू शकते. आरपीएमचा काटा दिसल्याशिवाय सिलिंडर ठरत नाहीत. काटा नसेल तर रेघांची ठेवण बघा. नेहमीच्या अमेरिकन व्ही-८ मध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरचे स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत, म्हणून मुख्य रेघेच्या खाली बारक्या रेघांची गर्दी दिसते आणि कानाला गडगड लागते. फ्लॅट-प्लेन क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा सपाट धाटणीचा) असला तर दोन्ही बाजू सारख्या चालतात, गडगड जाते, किंकाळी येते. २०२१ मध्ये कॉर्वेट झेड०६ च्या ५.५ लीटर इंजिनाचा आवाज ऐकून लोक फेरारी म्हणाले ते याच कारणानं.

गिअर बदलताना रेघ कुठून कुठे पडते ते टिपा. ४०० वरून ३०० वर आली तर पुढचा गिअर आधीच्याच्या पाऊण पट. उडी जितकी बारीक तितके गिअर जास्त असण्याची शक्यता. उडीच्या मध्ये आवाज क्षणभर सुटला तर मॅन्युअल किंवा एएमटी. अजिबात सुटला नाही तर ड्युअल क्लच, किंवा आजचा चांगला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे झेडएफसारखा साधा ऑटोमॅटिक. या दोघांतला फरक व्हिडिओवरून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण टीझरचा आवाज स्टुडिओत कापून-जोडून केलेला असतो.

अंदाज तारीख घालून भिंतीवर लिहा आणि समोर खात्री किती आणे ते लिहा. नुसत्या आवाजावरून चार आणे. गोडाऊन आणि सांगाडा जुळला तर दहा. कागद सापडला तर चौदा. सोळा कधीच नाही, कंपनीनं स्वतः सांगितलं तरी नाही. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या शोमध्ये जॅग्वारनं एक्सजे२२० दाखवली तेव्हा तिच्यात व्ही-१२ होतं आणि ताकद चारही चाकांना होती. लोकांनी आगाऊ पैसे भरले. १९९२ पासून हातात पडली ती ३.५ लीटरची टर्बो व्ही-६, फक्त मागची चाकं फिरवणारी, आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.